वॉल स्ट्रीटवरचं अतिक्रमण

(संघटनेच्या युवा शिबिरात जानेवारी 2012 मध्ये केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी बोलणाऱ्या कार्यकर्तीनेच नंतर लिहून दिलं आहे.)

 

मला विषय दिलाय अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीटच्या आंदोलनाचा. विषय वाटून देत होते तेव्हा मागून एक काका बोलले, आपल्या प्लॉटचा कागद अजून हातात नाही आन ही पोरगी अमेरिकेचं सांगणार. काका, अर्धा तास द्या. मी बारावी शिकलेली, अमेरिका काही बघितली नाही. पेपरात आलं ते वाचलं, शहरातल्या साथींनी कात्रणं आणून दिली ती वाचली, समजलं नाही ते त्यांना विचारून घेतलं. तेवढ्यावर बोलते.

न्यूयॉर्क नावाचं शहर आहे. त्यात मॅनहॅटन नावाचं बेट आहे, आणि बेटाच्या दक्षिण टोकाला वॉल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. रस्ता तसा लहानच. पण मुंबईत दलाल स्ट्रीट जसा शेअर बाजाराचा, तसा तो तिथला. जगातला सगळ्यात मोठा शेअर बाजार तिथे आहे. तिथे धान्य नाही विकत, भाजी नाही विकत, कंपन्यांचे हिस्से विकतात, कर्जाचे कागद विकतात. आता कर्जाचा कागद कसा विकतात, हे नीट समजून घ्या, कारण सगळी भानगड तिथून सुरू झाली.

समजा आपल्या गावात एक शेठ आहे. तो घर बांधायला उधार देतो. घेणाऱ्याची फेडायची ताकद नाही हे त्याला चांगलं माहीत आहे. तरी देतो. पहिली दोन वर्षं हप्ता कमी, मग एकदम वाढणार, हे बारीक अक्षरात लिहून ठेवतो आणि अंगठा घेतो. बुडेल याची त्याला भीती का नाही? कारण पुढच्या आठवड्यात तो ती उधारीची वही तालुक्याच्या शेठला विकून मोकळा होतो. तालुक्याचा शेठ अशा हजार वह्यांचा गठ्ठा बांधतो, त्यावर एक नंबर माल असा शिक्का मारून घेतो आणि मुंबईच्या शेठला विकतो. शिक्का मारणाऱ्याला पैसे कोण देतं? ज्याचा माल तोच. मुंबईचा शेठ पुढे विकतो. प्रत्येकाने आपलं कमिशन खाल्लं. शेवटी वही कोणाकडे आहे हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. आपल्याकडचे सावकार निदान वही उशाशी घेऊन झोपायचे.

अमेरिकेत बँकांनी हेच केलं, लाखो घरांवर. घरांचे भाव चढत होते तोवर चाललं. भाव पडले, हप्ते वाढले, लोकांना फेडता येईना. मग त्या सगळ्या गठ्ठ्यांना किंमत उरली नाही. 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स नावाची मोठी बँक बुडाली. बाकीच्याही बुडायला लागल्या. तेव्हा तिथल्या सरकारने काय केलं? ऑक्टोबरमध्ये कायदा करून 700 अब्ज डॉलर मंजूर केले, म्हणजे 70 हजार कोटी डॉलर. रुपये नाही, डॉलर. कोणाला वाचवायला? बँकांना. एआयजी नावाच्या विमा कंपनीला तर सरकारने हाताला धरून उभं केलं, आणि मार्च 2009 मध्ये बातमी आली की त्याच कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांना साडेसोळा कोटी डॉलर बोनस वाटला. इकडे लोकांच्या घरावर जप्ती येत होती. सामान रस्त्यावर. नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. कॉलेजात शिकलेल्या पोरांच्या डोक्यावर शिकण्याचं कर्ज, आणि काम नाही.

मला विचाराल तर, तीन वर्षं हे लोक गप्प कसे बसले याचंच नवल वाटतं. पण कर्जबाजारी माणसाला लाज वाटते, चूक आपलीच झाली असं वाटतं. आपल्या आज्यांनाही वाटायचं, आपणच अडाणी म्हणून शेठने फसवलं. चूक आपली नाही, वहीच तशी लिहिलेली आहे, हे कळायला शेजारच्याची वही बघावी लागते. तिथे लोकांनी तसंच केलं. आपलं कर्ज किती, काम कधी गेलं, औषधाला पैसे कसे नाहीत, हे हाताने कागदावर लिहायचं, कागद तोंडासमोर धरून फोटो काढायचा आणि सगळ्यांना बघायला ठेवायचा. खाली लिहायचं, मी 99 टक्क्यांतला आहे. असे शेकडो कागद जमले.

हे 99 काय आहे? जोसेफ स्टिग्लिट्झ म्हणून तिथले नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी मे 2011 मध्ये एका मासिकात लिहिलं की अमेरिकेत वरच्या 1 टक्का लोकांकडे देशाच्या एका वर्षाच्या कमाईतला जवळजवळ चौथा हिस्सा जातो, आणि साठवलेल्या संपत्तीतला 40 टक्के हिस्सा त्यांच्याकडे आहे. सोपं करून सांगते. गावात 100 माणसं, 100 भाकरी. एकटा 40 भाकरी घेऊन बसला. उरलेल्या 60 भाकरी 99 जणांनी वाटून घ्यायच्या, आणि त्यातही ज्याची कोपर जोरात त्याला जास्त.

त्याच वर्षी सुरुवातीला इजिप्त देशात लोक तहरीर चौकात बसले आणि तिथला राष्ट्राध्यक्ष पाडला. मे महिन्यात स्पेन देशात पोरं चौकाचौकात बसली. ते बघून कॅनडातल्या एका मासिकाने जुलैमध्ये हाक दिली, 17 सप्टेंबरला वॉल स्ट्रीटला या, तंबू घेऊन या. त्यांनी नाव दिलं ऑक्युपाय वॉल स्ट्रीट. ऑक्युपाय म्हणजे ताबा घ्या, कब्जा करा. या शब्दावर मला नंतर बोलायचं आहे, लक्षात ठेवा.

17 सप्टेंबरला शनिवार होता. बाजार बंद. (आपण तहसीलवर शनिवारी मोर्चा नेला असता तर मंडळाने आपल्याला सोडलं नसतं!) पण लोक आले. पोलिसांनी आधीच रस्ते अडवले होते. तिथे एक ब्राँझचा मोठा बैल उभा केला आहे, शिंगं रोखलेला, बाजार वर चढतो त्याची खूण म्हणून. त्या बैलाभोवतीही कठडे लावून पहारा. ज्या बैलाने जन्मात नांगर ओढला नाही त्याला एवढा बंदोबस्त.

मग लोक जवळच्या झुकोटी पार्कात गेले. ही जागा कशी आहे ते ऐका, कारण जमिनीचा प्रश्न इथेही आहे. हे पार्क सरकारी नाही. एका कंपनीच्या मालकीचं आहे. फार वर्षांपूर्वी तिथे बिल्डिंग बांधणाऱ्यांना जास्त उंच बांधायची परवानगी हवी होती. शहराने सांगितलं, उंच बांधा, पण बदल्यात लोकांसाठी मोकळी जागा सोडा आणि ती चोवीस तास उघडी ठेवा. सरकारी बागा रात्री बंद होतात, पोलीस बाहेर काढतात. ही खासगी जागा, अटीमुळे बंद करता येत नव्हती. म्हणजे खासगी मालकीच्या जागेत रात्री बसता आलं आणि सरकारी जागेत बसता आलं नसतं! जागा केवढी? आपल्या मापाने 30 गुंठे. सगळी फरशी. जगभर जे गाजलं ते एवढ्या 30 गुंठ्यांत.

सुरुवातीला पेपरवाल्यांनी लक्ष दिलं नाही. 24 सप्टेंबरला मोर्चातल्या बायांच्या डोळ्यात एका पोलीस अधिकाऱ्याने तिखटाचा फवारा मारला, त्याची फिल्म सगळीकडे गेली. 1 ऑक्टोबरला ब्रुकलीनच्या पुलावर 700 वर लोकांना अटक झाली. मग 5 ऑक्टोबरला कामगार युनियन आल्या, गाड्या चालवणारे, नर्सेस. मार खाल्ल्याशिवाय बातमी होत नाही, हे तिथेही तसंच आहे.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. लाऊडस्पीकर लावायला परवानगी लागते, ती त्यांना नव्हती. आपल्याला माहीत आहे, मोर्च्याच्या आदल्या दिवशी परवानगीचा कागद घेऊन चौकीवर किती वेळ बसवतात ते. त्यांनी काय केलं, जो बोलतो त्याने चार शब्द बोलायचे आणि थांबायचं. जवळ बसलेल्यांनी ते चार शब्द मोठ्याने जसेच्या तसे म्हणायचे. गर्दी मोठी असली तर मागच्यांनी पुन्हा म्हणायचे. असं शेवटपर्यंत आवाज जातो. याला ते म्हणाले लोकांचा माईक. हजार माणसांची सभा अशी चालवली, बिनविजेची.

यात फायदा नुसता आवाजाचा नाही. लांबलचक भाषण करणाऱ्याची पंचाईत होते. (हे आमच्या काही जुन्या कार्यकर्त्यांसाठी चांगलं आहे, रागावू नका.) आणि समोरच्याचं म्हणणं पटलं नाही तरी ते आपल्या तोंडाने एकदा म्हणावंच लागतं. मी हे वाचलं तेव्हा मला आपल्या तारप्याचा नाच आठवला. तारपेवाला मधे, हाताला हात धरून सगळे भोवती फिरतात, सूर एकाकडे असतो पण पाय सगळ्यांचे पडतात.

त्यांची रोज सभा बसायची, सगळ्यांची. मत हाताने दाखवायचं. पटलं तर हात वर करून बोटं हलवायची, नाही पटलं तर खाली. अजिबात चालणार नाही असं असेल तर छातीवर दोन्ही हात आडवे धरायचे. आणि बोलायच्या यादीत ज्यांना एरवी बोलायला मिळत नाही, बाया, काळे लोक, त्यांना आधी घ्यायचं असा नियम. हा नियम आपल्या ग्रामसभेत आणला पाहिजे. कायद्यात बायांची हजेरी लिहिली आहे, बोलणं लिहिलेलं नाही. बाया रजिस्टरला अंगठा देऊन मागे भिंतीला टेकून बसतात, हे मी दहा ग्रामसभांत बघितलं.

पण त्या सभेचंही सगळं गोड नव्हतं. एकेका गोष्टीवर चार चार तास. ज्याला उद्या कामावर जायचं तो उठून जायचा, ज्याला वेळ आहे त्याचं चालायचं. वीटभट्टीवर गेलेल्या माणसाची आपल्या शिबिरात जी गत होते तीच. इथे आज बसलेल्यांत भट्टीवरून आलेलं कोण आहे? कोणी नाही. भिवंडीकडे, वसईकडे गेलेत ते पावसाच्या तोंडावर येतील. तेव्हा त्यांच्यासाठी शिबीर परत घ्यायला पाहिजे, हे ठरावात लिहून घ्या.

तिथे स्वयंपाकाची जागा होती, दवाखान्याचा तंबू होता. लांब लांबचे लोक फोन करून त्यांच्यासाठी पिझ्झा पाठवत. आपण धरण्याला तांदूळ, पीठ, सुकट घरून बांधून नेतो, कोणी पाठवत नाही. त्यांनी पुस्तकालय केलं होतं, 5 हजारांच्या आसपास पुस्तकं जमली. विजेची जनरेटर काढून नेली तर सायकलचं पायडल मारून वीज केली. मालक कंपनीने सफाईच्या नावाखाली जागा खाली करायचं ठरवलं, 14 ऑक्टोबरला. लोकांनी रातोरात झाडू मारून, फरशी धुऊन पार्क स्वच्छ केलं आणि सकाळी हजारो लोक येऊन उभे राहिले. त्या दिवशी सफाई रद्द झाली.

आता शब्दाकडे येते. ऑक्युपाय. ताबा घ्या.

मॅनहॅटन हे नाव इंग्रजी नाही. ते लेनापे लोकांच्या भाषेतलं आहे. लेनापे म्हणजे तिथले आदिवासी, तिथले मूळचे. ते त्या बेटावर शिकार करत, मका लावत, मासे धरत. त्यांची पायवाट होती, बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याच पायवाटेवर आज ब्रॉडवे नावाचा मोठा रस्ता आहे, आणि झुकोटी पार्क त्या ब्रॉडवेच्या कडेला आहे. 1626 साली डच व्यापाऱ्यांनी बेट विकत घेतलं म्हणतात, 60 गिल्डरला. खरेदीखत कुठे आहे? नाही. खरेदी झाली असं एका डच माणसाने आपल्या देशात पत्र लिहिलं, तेवढाच पुरावा. लेनापे लोकांची जमीन विकायची पद्धतच नव्हती. तुम्हीही राहा, आम्हीही राहतो, असं त्यांनी समजून सामान घेतलं असेल, असं इतिहासवाले म्हणतात. मग 1653 मध्ये डचांनी आपल्या वस्तीच्या उत्तरेला लाकडी कोट उभा केला. इंग्रज येऊ नयेत म्हणून आणि आदिवासी येऊ नयेत म्हणून. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून ते काम करून घेतलं. वॉल म्हणजे भिंत. ती भिंत जिथे होती तो वॉल स्ट्रीट. पुढे इंग्रजांच्या राज्यात, 1711 साली, त्याच रस्त्याच्या नदीकडच्या टोकाला गुलामांचा बाजार बसवला. काळी माणसं विकली, आदिवासी माणसंही विकली. शेअर बाजाराच्या आधी त्या रस्त्यावर माणसांचा बाजार होता.

लेनापे गेले कुठे? ढकलत ढकलत पश्चिमेला. आज त्यांची वंशावळ ओक्लाहोमात आहे, विस्कॉन्सिनमध्ये आहे, कॅनडात आहे. आपल्या बेटापासून शेकडो मैलांवर.

आणि त्या बेटावरच्या उंच इमारती? त्यांचं लोखंड चढवायला मोहॉक नावाचे आदिवासी बाप-मुलगा-नातू असे पिढ्यान्‌पिढ्या कॅनडाच्या बाजूने येत राहिले. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर ते होते. झुकोटी पार्काच्या शेजारीच जे दोन टॉवर 2001 मध्ये पडले, ते बांधायलाही ते होते. मुंबईचे टॉवर बघताना आपल्याला जे वाटतं ते त्यांना वाटत असेल का, मला नेहमी वाटतं.

तर हे आंदोलन सुरू झालं तेव्हा तिथल्या आदिवासी कार्यकर्त्यांनी विचारलं, तुम्ही कशाचा कब्जा करणार? ही जमीन आधीच कब्जातली आहे. चारशे वर्षं आमच्या जमिनीवर कब्जा आहे आणि तुम्ही तोच शब्द झेंड्यावर लिहिता. प्रश्न बरोबर होता. डेन्व्हर शहरातल्या सभेने ऑक्टोबरमध्ये आदिवासींचं निवेदन स्वीकारलं. ओकलंड शहरात डिसेंबरमध्ये नाव बदलायचा ठराव आला, ऑक्युपाय काढा आणि वसाहत मोडा अशा अर्थाचं नाव ठेवा म्हणून. निम्म्याहून बरेच जास्त लोक बाजूने होते. पण त्यांच्या नियमाप्रमाणे 90 टक्के लागत, ते झाले नाहीत. नाव तेच राहिलं. काही गोरे साथी म्हणाले, नावात काय आहे, आपण सगळे 99 टक्के आहोत ना, फूट कशाला पाडता.

साथींनो, हे वाक्य आपण ऐकलेलं आहे. सगळे गरीब एकच, आदिवासी आदिवासी कशाला करता, असं आपल्यालाही सांगतात. मला 99 हा आकडा आवडतो. भिंतीवर लिहायला चांगला, पोराला समजतो. पण 99 मध्ये कॉलेजचं कर्ज असलेला पोरगा आहे, आणि ज्याची सगळी जमीनच गेली तो लेनापेही आहे. पोरगा कर्ज माफ झालं की घरी जाईल. लेनापेने कुठल्या घरी जायचं? भाकरी सारख्या वाटा म्हणणं एक, आणि ज्या शेतात नाचणी पिकली ते शेत कोणाचं हे विचारणं दुसरं. पहिलं विचारलं तर सगळे टाळ्या वाजवतात. दुसरं विचारलं की 90 टक्के भरत नाहीत.

आता काका, तुमचा प्लॉट. आपला वन हक्क कायदा 2006 चा. तो इंग्रजीत लिहिला आहे, आणि त्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी जमीन आपल्या ताब्यात आहे तिच्यासाठी ऑक्युपेशन हाच शब्द आहे. तोच, जो त्यांच्या झेंड्यावर आहे. त्या कायद्याच्या आधी आपल्यासाठी कुठला शब्द होता? अतिक्रमण. 3 मे 2002 ला केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने हुकूम काढला, जंगलातली अतिक्रमणं 30 सप्टेंबरपर्यंत हटवा. मोठ्या माणसांना आठवत असेल ते वर्ष. देशात किती ठिकाणी उभं पीक तुडवलं, झोपड्या मोडल्या. मी तेव्हा आश्रमशाळेत होते. आमच्या पाड्यावर गार्ड नांगर उचलून घेऊन गेले होते, तो परत मिळाला नाही. नांगर कोणत्या कलमाखाली जप्त होतो ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

म्हणजे जमीन तीच, कसणारा तोच. कागदावर एक शब्द बदलला की चोर होता तो दावेदार झाला. म्हणून मी शब्दाला एवढी चिकटून बसले आहे. दाव्याच्या फॉर्मवर अजूनही काही ग्रामसेवक अतिक्रमणधारक असं लिहितात. खोडायला लावा. कायद्याच्या प्रस्तावनेत लिहिलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. ज्याच्यावर अन्याय झाला तो अतिक्रमणवाला कसा?

वॉल स्ट्रीटवाल्यांचा शेवट कसा झाला ते सांगून टाकते. 15 नोव्हेंबरच्या रात्री, एक वाजता, पोलीस आले. मोठे दिवे लावले, पेपरवाल्यांना लांब ठेवलं. महापौर ब्लूमबर्ग, ते स्वतः अब्जाधीश, त्यांनी सांगितलं आरोग्याला आणि सुरक्षेला धोका आहे. तंबू, भांडी, पुस्तकं, सगळं कचऱ्याच्या गाड्यांत भरलं. सुमारे 200 जणांना धरलं. पुस्तकांतली थोडीच परत मिळाली, आणि मिळाली त्यातली बरीच फाटलेली. दुपारी कोर्टाचा निकाल आला: पार्कात या, बोला, पण तंबू नाही, अंथरूण नाही. म्हणजे बसा, पण झोपू नका. दोन महिन्यांत संपलं. बाकी शहरांतही तसेच उठवले.

ते हरले का? शहरातले साथी म्हणतात नाही, सगळ्या अमेरिकेत आता 1 टक्का आणि 99 टक्के हे बोललं जातं, आधी कोणी बोलत नव्हतं. हे मला मान्य आहे. पण एक गोष्ट मला पटली नाही. त्यांनी 29 सप्टेंबरला तक्रारींची मोठी यादी काढली. घरं घेतली, पगार कापले, अन्नात विष कालवलं, सगळं. मागणी मात्र केली नाही. जाणूनबुजून नाही केली. मागणी केली म्हणजे ज्याच्याकडे मागतो त्याला मोठं मानलं, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकायला बरं वाटतं. आणि अर्ज करून करून थकलेल्या माणसाला त्यात दमही वाटतो. आपले दावे उपविभागीय समितीकडे पडून आहेत, मागणी लेखी आहे, पोच आहे, शिक्का आहे, आणि फाईल कपाटात आहे. तेव्हा मागणी कागदावर आहे एवढ्याने काही होत नाही हे खरं.

तरी आपल्याला ते परवडणार नाही. त्यांना पार्कातून उठवलं तर ते घरी गेले. ज्यांना घर होतं ते. फरशीवर काही पेरता येत नव्हतं. आपण जिथे बसलोय तिथे आपली वरई आहे, आपली आंब्याची झाडं आहेत, बापाची समाधी आहे. आपल्याला तिथून उठवलं तर जायला भट्टीच आहे. म्हणून आपला ताबा कागदावर चढला पाहिजे. म्हाताऱ्या माणसाचा जबाब हा पुरावा आहे, नियमात तसं लिहिलंय, आणि म्हातारी माणसं काही आपल्यासाठी थांबणार नाहीत. लेनापेंच्या म्हाताऱ्यांचा जबाब कोणी घेतला नाही. डच माणसाचं पत्र राहिलं.

जेवणानंतर गटवार बसायचं आहे. ज्या पाड्यांचे जबाब राहिलेत त्यांनी उद्या सकाळी कोणाकडे जायचं ते ठरवा. नकाशे, चौकशी वही आणि मोजणीचे कागद बरोबर आणा, गेल्या वेळेसारखं घरी विसरलो नको.

आणि पुढच्या महिन्यात प्रांत ऑफिसवर धरणं आहे. स्पीकरची परवानगी मिळेल असं वाटत नाही. तर आत्ताच एकदा करून बघू. मी चार शब्द बोलते, पुढच्या दोन रांगांनी म्हणायचं, मग मागच्यांनी. काका, तुम्ही पण उभे राहा. चला.

आमचे दावे...

कुठल्या कपाटात आहेत...

ते कपाट उघडा.